निव्वळ वजन

साखर कारखान्याच्या फाटकाशी माझी काचेची खोली,
आत एक हीटर, एक स्टूल,
खिडकीखाली साठ टनांचा काटा.
ऑक्टोबर ते जानेवारी बीटचे ट्रक येतात, रात्रंदिवस.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक, वजा माती:
उरतं ते निव्वळ.
बावीस वर्षं हीच एक वजाबाकी.

दोन ट्रकांच्या मध्ये चार मिनिटं मिळतात.
त्यांत, कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर,
मी पुस्तक लिहीत होते.
बाबांची तर, व्हिस्वाच्या दोन काठांमधली,
आणि नदी गोठली की बर्फावरून सरपण ओढणारा
करडा घोडा, शिवेक.
पान एकशे बारावर बर्फाला तडा गेला,
शिवेकनं पुढचा डावा पाय उचलला
आणि मी पेन खाली ठेवलं.
अकरा हिवाळे
एक घोडा तीन पायांवर उभा.

कारणं होती, आणि सगळी खरी.
आईचं दुखणं. मग माझे दात.
एकदा तोरुनहून महागडी वही आणली,
तिच्या पहिल्या पानाला इतकी भ्यायले
की त्यावर काकडीच्या लोणच्याचा हिशेब मांडला.
बहीण विचारायची, बोग्ना, घोडं नक्की कुठं पेंड खातंय?
मी म्हणायचे, सुचत नाही गं.
खोटं.
पुढचं मला ठाऊक होतं. मी होतेच तिथं,
नऊ वर्षांची, काठावर,
हातात त्याचा रिकामा लगाम.

गेल्या नोव्हेंबरात, धुक्यात, प्रिंटर अडला.
ड्रॉवरच्या तळातून हाताला लागली ती पावती ओढली,
वजन हातानं लिहिलं, दिली.
तिसऱ्या दिवशी काचेवर टकटक.
झेनॉन, लिपनोकडचा, कानटोपीतला,
पावती उलटी करून माझ्यापुढं सरकवत म्हणाला,
घोड्याचं काय झालं?

मागं सहा ट्रक, भोंगे वाजताहेत.
गाडी पुढं घ्या, मी म्हटलं.
घेतो, तो म्हणाला. पण माझ्या दिवसाला तीन खेपा असतात.

प्रेरणा येते ती अशी येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
डिझेलचा वास मारत,
इंजिन चालू ठेवून.

मग खेपेला एक पावती.
तो रांगेत वाचायचा, परतीच्या वेळी शेरा द्यायचा.
एकदा म्हणाला, बाई, इथं माती फार आहे.
दोन खेपा मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसरीला खोडलं. मातीच होती ती.

सहा जानेवारीला त्याचा हंगाम संपला.
हात हलवला, गेला.
बर्फ अजून फुटायचाच होता.
आता विचारणारं कुणी नाही, मी मनाशी म्हटलं,
आणि बघते तर मीच विचारत होते.

ते पान मी स्वयंपाकघरात लिहिलं, उभ्यानं,
कोबी करपेपर्यंत.
पाय खाली टेकवला त्यानं.
बाबा ओरडले नाहीत, हे मी इतकी वर्षं विसरले होते;
ते त्याच्याशी हळू बोलत होते, शेवटपर्यंत.
व्हिस्वात घोडं न्हालं.
मी गॅस बंद केला, आणि रडायचं ते रडून घेतलं.

नंतरची वीस पानं
उताराच्या रस्त्यासारखी.

शेवटचा ट्रक गेल्यावर, पहाटे चार वाजता,
सगळा गठ्ठा सुतळीनं बांधला,
बाहेर जाऊन काट्याच्या मधोमध ठेवला,
धावत आत आले. आकडा बघितला.
शून्य.
वीस किलोंखालचं आमचा काटा मोजत नाही.

तरी पावती फाडली.
वजनाची जागा कोरी सोडली.
माल या रकान्यात लिहिलं: घोडा, एक.
उद्या टपालात टाकायची आहे, लिपनोला.